मी खारवट वावरातले खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. बैलगाडीच्या चाकाच्या झिजलेल्या लोखंडी धावेतून वडगावच्या लोहाराने मला घडवले आणि परंदवडीच्या नंदाबाईने बाजारातून घरी आणले. माझ्या धारेचे कौतुक सारी आळी करी. त्या कौतुकाने माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे आज कबूल करते.

धम्मदीक्षेनंतर दोन वर्षांनी, १९५८ साली, नंदाबाईच्या घराला सरकारकडून पडीक जमिनीचा तुकडा मिळाला. अट एकच होती. तीन वर्षांत जमीन पिकवून दाखवायची, नाहीतर ती परत जाणार. पण जमीन निघाली खारवट! पाऊस सरला की तिच्यावर पांढरा थर यायचा.

मावळात शेती म्हणजे भात, आणि भात म्हणजे आधी राब. नंदाबाईने आणि तिच्या नवऱ्याने, निवृत्तीने, रोपे टाकायच्या जागेवर फांद्या-पाचोळा जाळून राब भाजला. रोपे पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी त्यांनी दुप्पट राब भाजला. राखेने खार आणखीच वाढला.

“सोड आता,” निवृत्ती म्हणाला. “हितं काय बी यायचं न्हाई.”

“आपलं पयलं वावर हाय. मी न्हाई सोडायची,” असे म्हणून नंदाबाई मला घेऊन तण काढायला बसली.

ते तण म्हणजे चाकवत. दोन वर्षे मी तो सपासप कापत होते. त्या दिवशी तिचा हात मध्येच थांबला.

“अवो, भात मेला तितंबी ह्यो हिरवागार हाय. आन् आपण खुळ्यावानी ह्यालाच उपटतोय!”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जे तिथे राहायला राजी होते, त्याचाच मी गळा कापत होते.

उरलेल्या चाकवताचे बी तिने जपून ठेवले. पुढच्या कार्तिकात माझ्याच टोकाने सरळ ओळी ओढल्या आणि बी पेरले.

पौषात तलाठी पाहणीला आला. “बाई, हे तर रानातलं तण. पीक कुठे आहे?”

निवृत्तीने मान खाली घातली. नंदाबाई मला हातात घट्ट धरून पुढे झाली.

“भाऊसाहेब, तण कदी वळीनं उगवतं व्हय?”

तलाठी बांधावरून उतरला. ओळी बघत पार टोकापर्यंत चालत गेला. मग त्याने कागदावर लिहिले आणि मोठ्याने वाचले, “पीक, चाकवत.” वावर नंदाबाईकडेच राहिले.

आता माझे पाते बोटभर उरले आहे. घरात नवी खुरपी आली, मी वळचणीला पडून असते. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. एखादे रोप उपटण्याआधी मात्र खाली वाकून त्याच्याकडे नीट बघा. मी तर लोखंड. थांबायचे ते तुमच्या हाताने.