बाईजाचं नवं

नथूला बायकोची आठवण सगळ्यात जास्त चुलीपाशी यायची. यात प्रेम किती आणि करपलेली भाकरी किती, याचा निकाल सिद्धगडाखालच्या त्या गावातल्या बायकांनी कधीच लावून टाकला होता. पण त्यांना काय कळतंय! बाईजाच्या छातीतली गाठ पावसाळ्यात काढली, आणि पुढची औषधं ठाण्याच्या इस्पितळात घ्यायची म्हणून ती शहापूरला लेकीकडे, माधुरीकडे राहिली. मागे घरात तिचं ताट पालथं पडलं होतं. नथू जेवायला बसला की ते सरळ करायचा, थोडा वेळ बघायचा आणि पुन्हा पालथं घालायचा.

"नव्याला मी येतेच," असं ती जाताना म्हणाली होती. भात कापून झालं की घरची बाई नवा तांदूळ रांधते, गावदेवाला आणि वाडवडिलांना दाखवते, मगच घरात नवा दाणा तोंडात जातो. त्या गावात याला नवं करणं म्हणतात. बाईजानं सासरी आल्यापासून एकही नवं चुकवलं नव्हतं.

संध्याकाळी नथू रानडुकरांपासून भात राखायला वावरातल्या माळ्यावर, मचाणावर चढला होता, तेव्हा माधुरीचा फोन आला.

"बा, आयचा रिपोट आला. गाठीत राखणदार पेशी सापडल्या, खूप. आपल्याच अंगातल्या असतात त्या. गाठ नुसती भरलेली होती..."

"बरं," म्हणून नथूनं फोन ठेवून दिला. पुढचं ऐकायची त्याला गरजच वाटली नाही. सगळा जन्म राखण करण्यात गेलेला माणूस तो. चार माळ्यांवरचे राखणदार एकाच वावरात उतरले, म्हणजे डुकरांचा कळप केवढा असेल! पोर बिचारी गोड करून सांगतेय, बाईजा काही आता राहत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं.

सकाळी त्यानं अर्धवट पिकलेलं भात थोडं कापलं, तव्यावर शेकवलं आणि उखळात घातलं. शेजारची भागी कुडावरून बघत होती.

"नवं केलं नाय आन् कुनासाठी कांडतोस रे?"

नथू कांडत राहिला. देव रागावला तर रागावू दे, पण बाईजाच्या तोंडात तिच्या वावरातला घास पडल्याशिवाय तिला जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

मुरबाडपर्यंत जीप आणि पुढे एसटी, सगळा रस्ताभर तो काय बोलायचं ते जुळवत होता. बाईजा दारात बसली होती, डोक्याला रुमाल, मनगटं बारीक झालेली. तिला बघितलं आणि त्याचं जुळवलेलं सगळं पळालं.

"पंखा लय फास्ट लावलाय," तो म्हणाला.

बाईजा हसली. तिनं त्याच्या हातातलं गाठोडं घेऊन सोडलं. आत हिरवट, तुकडा पडलेला तांदूळ होता. तिनं ओंजळ भरून नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली केली नाही. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती. या वासासाठी ती किती दिवस झुरत होती ते तिचं तिलाच ठाऊक. मग ती एकदम थांबली.

"नवं झालं?"

"नाय."

"मंग ह्यो कसा आनला?" नथू पंख्याकडे बघत राहिला. तिला उमगलं. "अवो, मी मरतेय असं कोनी सांगलं तुमाला?"

माधुरीनं कपाळावर हात मारला. "बा, तू फोन पुरा कुठं ऐकलास! काही गाठींत एकबी राखणदार शिरत नाय. चोर आलाय ते अंगाला कळतच नाय. त्या गाठींना डाक्टर भितात. आयच्या अंगानं चोर वळखला. अशांना औषध जास्त मानवतं, गाठ परत यायचं भ्या कमी. खात्री कोन देत नाय, पन खूण चांगली हाय."

नथूला मागल्या सालचं खालचं वावर आठवलं. तिथं रात्रभर कुणाची हाळी नाही, डबा वाजला नाही, आणि सकाळी सगळं भात आडवं. बोंब उठते तेच वावर वाचतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भीतीनं ठाऊक असलेलंही विसरायला लावलं होतं. लेकीसमोर तो रडला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

बाईजानं तांदूळ पुन्हा बांधायला घेतला.

"खा गो थोडा," नथू म्हणाला. "देव काय बोलनार नाय."

"देवासाठी नाय थांबले. आता खाल्लं तर तुमी समजलात तेच खरं व्हईल." तिनं गाठ आवळली आणि गाठोडं त्याच्या हातात परत दिलं. "घरी येईन, मीच रांधीन, मंग दोघं खाऊ."

गावात नवं झालं. घराघरातून नव्या तांदळाचा वास सुटला. भागीनं ताट भरून आणलं, ते नथूनं हात जोडून परत पाठवलं. गाठोडं आढ्याला टांगलेलं असतं. कधीमधी तो ते उतरवतो, वास घेतो, पुन्हा टांगतो. होळी झाली तरी त्याच्या चुलीवर जुनाच तांदूळ शिजतोय, आणि तो लवकर संपू नये म्हणून संध्याकाळी तो नुसत्या पेजेवर भागवतो. माधुरीचा फोन आता शेवटपर्यंत ऐकतो. शेवटी एवढंच म्हणतो, "तिला सांग, जुना तांदूळ सरत आलाय."