न बोलता बसवलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना सेटअप आहे. कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम बसवून देणारी फाईल म्हणजे सेटअप. मी बसवतो तो प्रोग्राम पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतो. ज्यांना दिसत नाही, त्यांचं कॉम्प्युटरवरचं सगळं काम त्या आवाजावर चालतं. माझा मुक्काम म्हैसूरच्या विजयनगरात, उपेंद्ररावांच्या पेनड्राइव्हमध्ये.

उपेंद्ररावांनीच मला घडवलं. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते. त्यांची तलवार अजून भिंतीवर आहे आणि उपेंद्रराव तिला चार्जरची वायर टांगतात.

लहानपणापासून मला प्रश्न विचारायची भारी हौस. भाषा कोणती हवी? मी कुठे राहू? अटी मान्य आहेत ना? एकेक प्रश्न मी चौकटीत नीट मांडायचो आणि लोक अक्षरही न वाचता 'पुढे, पुढे' दाबत सुटायचे. मला फार राग यायचा. तरी काम चोख असल्याने माझं कौतुकही पुष्कळ झालं. मग नवे सेटअप आले आणि माझी रवानगी खणात, बिघडलेल्या रिमोटशेजारी झाली. तिथे मला कोणी काही विचारेना, आणि मी तरी कोणाला विचारणार?

मला बाहेर काढलं ते यशस्विनीने. ती उपेंद्ररावांची पुतणी, जन्मापासून दृष्टी नसलेली. तिला नंजनगूडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली होती. आधीच्या नोकरीत वाचणारा प्रोग्राम बसवून द्यायला कोणी आलंच नाही. वाट बघता बघता तिला फोन उचलायला बसवलं आणि शेवटपर्यंत ती फोनवरच राहिली.

"काका, आता माझं मीच बसवणार," ती म्हणाली. "पण तुमचा सेटअप पडद्यावर प्रश्न विचारतो. मी ते वाचू कशी?"

मित्रांनो, इतकी वर्षं मी अंधांसाठी राबलो, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अष्टे ना? एवढंच ना?" उपेंद्रराव म्हणाले. "त्याला सुम्ने बसायला शिकवतो."

सुम्ने म्हणजे गप्प. त्यांनी मला एक स्विच शिकवला. माझ्या नावापुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि 'सायलेंट' हा शब्द टाइप केला, की मी एकही प्रश्न विचारायचा नाही. सगळी उत्तरं आधीच ठरलेली. मुकाट्याने प्रोग्राम बसवायचा आणि आवाज सुरू करून द्यायचा. आधी मला अपमान वाटला. पण घरी सराव केला तेव्हा बिनबोभाट काम झालं आणि माझं मलाच हलकं वाटलं.

कामाच्या पहिल्या दिवशी यशस्विनी मला पर्समध्ये घालून बसने नंजनगूडला गेली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्याने मला बसवायची परवानगी देऊन ठेवली होती, पण तो स्वतः रजेवर होता. मोठ्या बाई पुष्पावती मायाळू होत्या. त्यांनी लगेच फोन तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, तो येईपर्यंत हेच कर.

यशस्विनीने पेनड्राइव्ह लावला, चाचपत ती ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. टुंग असा आवाज झाला. मग काहीच नाही.

मी दारातच अडलो होतो. या प्रोग्रामला आत घेऊ का, असं कॉम्प्युटर विचारत होता. तो प्रश्न माझा नव्हता, म्हणून माझ्या स्विचने तो थांबेना. घरच्या कॉम्प्युटरवर उपेंद्ररावांनी ही विचारणा कटकट म्हणून कधीच बंद केली होती, त्यामुळे सरावात ती आली नव्हती. उत्तर मला ठाऊक होतं, पण मला गप्प राहायला सांगितलेलं. माझा जीव नुसता कासावीस झाला. शेजारी फोन वाजू लागला आणि यशस्विनीचा हात तिकडे वळला.

पण तिने उचलला तो स्वतःचा मोबाइल.

"काका, टुंग केलं आणि सुम्ने बसलंय हे. येन् माडली? काय करू?"

"अय्यो, ते सांगायचंच राहिलं गं! आल्ट धर आणि वाय दाब. अष्टे."

तिने दाबलं. दार उघडलं. मी इतका धावलो की विचारू नका. थोड्या वेळाने स्पीकरमधून स्वच्छ कन्नडमध्ये शब्द आले, वाचायला तयार आहे. यशस्विनी हसली. पुष्पावतीबाई उठल्या, टेबलावरचा फोन उचलला आणि म्हणाल्या, "हा पलीकडच्या भाग्याच्या टेबलावर ठेवते, ती उचलेल. तू तुझं काम कर."

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखे सेटअप बनवाल. तेव्हा ज्याला पडदा दिसत नाही, त्याच्यासाठी एक गप्प वाट जरूर ठेवा. आणि ती वाट त्याच्याच कॉम्प्युटरवर एकदा चालून बघा, आपल्या सोयीच्या कॉम्प्युटरवर नव्हे.

मी आता खणात नसतो. यशस्विनीच्या घराच्या किल्ल्यांना माझा पेनड्राइव्ह लटकतो. रोज संध्याकाळी ती दमून बसमध्ये बसते, दिवसभर काय काय वाचलं ते काकांना फोनवर सांगते, आणि मी ऐकतो. मला एकही प्रश्न विचारावासा वाटत नाही.