खाली पडलेली जाळी

“जाळीवर जाऊ नकोस पोरी, हात बघ,” लग्नानंतरच्या पहिल्याच मोटारशर्यतीला सासूने, व्हर्नेलने, बजावलं होतं. मेरिडिथने ते हसण्यावारी नेलं. धडकेनंतर चालकाने खिडकीची जाळी खाली पाडली म्हणजे तो ठीक आहे. जाळी वरच राहिली की मदतीची गाडी आधी त्याच्याकडे धावते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात आणखी काय बघायचं?

आज मेरिडिथच्या मांडीवर तान्ही लेक टिली होती. इवल्या कानांवर आवाज अडवणारे जाडजूड हेडफोन, आणि त्या गदारोळात ती चक्क झोपलेली. मैदानात शेवटची फेरी. पुढे थोरला डेन्टन, त्याच्या मागच्या पत्र्याला चिकटून निळ्या गाडीत मेरिडिथचा नवरा कोल्बी. एकाच आईचे दोन मुलगे आणि मागे सगळ्या राज्यांतून आलेल्या गाड्यांचा लोंढा! लोखंडी पायऱ्या थरथरत होत्या. आपल्या छातीत कुणी दुसऱ्याचंच काळीज बसवलंय, असं मेरिडिथला वाटलं.

चालकांचं बोलणं ऐकवणाऱ्या रेडिओवर कोल्बी ओरडला, “दादाला सांगा, म्हातारीसारखी चालवायची तर कडेला घे म्हणावं!”

“मला म्हातारी म्हणतोय मेला,” उकडलेली शेंग सोलत व्हर्नेल म्हणाली. “आणि थोरला काही वाट द्यायचा नाही. बापावर गेलेत दोघं.”

वळणावर कोल्बी आत घुसला. डेन्टनने जागा सोडली नाही. पत्र्याला पत्रा घासला, ठिणग्या उडाल्या, आणि दोन्ही गाड्या भिंतीवर आदळून गिरक्या घेत धुरात गडप झाल्या.

मग धूर फाटला. दोन्ही जाळ्या जवळजवळ एकदमच खाली पडल्या. अख्खं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. निघालेली मदतीची गाडी मध्येच मंदावली.

“देवा! आई, दोघंही ठीक आहेत!”

व्हर्नेलच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. “कसले ठीक! अगं, मदतीची गाडी आधी भावाकडे जावी म्हणून हा जाळी पाडतो, आणि याच्याकडे जावी म्हणून तो. ह्यांचा बाप नि चुलता अस्सेच होते. हात बघ, हात!”

डेन्टनचा हात खिडकीबाहेर हलत होता. कोल्बीच्या खिडकीतून काहीच येत नव्हतं.

टिलीला छातीशी कवटाळून मेरिडिथ कुंपणाशी धावली. “त्या निळ्या गाडीकडे जा!”

“जाळी खाली आहे बाई,” पलीकडचा मदतपथकाचा माणूस म्हणाला.

“जाळी खोटी आहे! हात कुठाय त्याचा?”

त्याने वळून पाहिलं, आणि रेडिओ तोंडाशी नेला.

कोल्बीच्या बरगड्या मोडल्या होत्या, आत रक्त साठत होतं. थोडक्यात वाचला, डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्याआल्या कोल्बीने विचारलं, “दादा?”

“इथेच मरतोय,” प्लास्टरमधला पाय लांब करून बसलेला डेन्टन म्हणाला. “आणि पुढे मीच होतो.”

कोल्बीला पाण्याचा पेलाही उचलवत नव्हता. मेरिडिथ त्याच्या त्या हाताकडे बघतच राहिली. त्याच हाताने त्याने जाळी पाडली होती.

आता दोघे भाऊ पुन्हा गावोगावच्या मैदानांवर असतात. मेरिडिथ आणि टिलीही बरोबर. डोंगरातल्या घरी व्हर्नेल एकटी. फोनवर म्हणते, “मला काय धाड भरलीय?” पण हल्ली तसं म्हणण्याआधी ती जरा थांबते, आणि मेरिडिथला मग झोप लागत नाही.

तुमचं कधी त्या बाजूला जाणं झालं, तर तेवढं तिचं दार वाजवा. ती म्हणेल, मी ठणठणीत आहे. ते ऐकू नका. तिचे हात बघा.