राहिलेली दोन टिंबं

"हा तो नव्हे," तारमास्तर म्हणाले आणि त्यांनी कानावरचा हेडफोन ओढून काढला.

बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती. "कोण नव्हे?"

"दीपगृहवाला. नाव त्याचंच सांगतोय, पण हात त्याचा नाही."

"अहो, कानाने हात कसा दिसतो?"

"बावीस वर्षं याच घरात टिकटिक ऐकतेयस, तरी विचारतेस! गाढवापुढे वाचली गीता."

बायकोने कप टेबलावर आपटला. गीता कोणी वाचली आणि गाढव कोण, हे त्या घरात अजून ठरायचं होतं.

मास्तरांचा जन्म तारखात्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॅम रेडिओचा परवाना काढला, गच्चीवर एरियल ताणली आणि मोर्सची पितळी चावी पुन्हा बोटांखाली घेतली. सेटबरोबर माइकही आला होता, तो त्यांनी खोक्यातून बाहेरच काढला नाही. वादळात आवाज फाटतो, टिकटिक पोचते, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. माणूस तोंडाने खोटं बोलतो, बोटांनी कधी बोलत नाही, हेही ऐकवत. त्यातलं पहिलं खरं होतं.

दीपगृहवाला त्यांना रेडिओवरच भेटला. दूर कुठल्या तरी किनाऱ्यावर दिव्याची राखण करून निवृत्त झालेला माणूस. दर रविवारी सकाळी सात वाजता दोघांची भेट ठरलेली. हवामान, गुडघे, सुना, गेलेले मित्र, सगळं टिंबं आणि रेघांत. चेहरा पाहिलेला नाही, आवाज ऐकलेला नाही. त्याने एकदा फोन नंबर विचारला, तर मास्तरांनी कळवलं, "फोनवर काय, सगळेच बोलतात." विषय तिथेच मिटला. पण त्याचा हात मास्तर हजारांत ओळखत. शेवटची रेघ तो जरा लांबवायचा, निरोप घेऊन झाल्यावरही उंबऱ्यात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी. बोलणं संपलं की एकाने दोन टिंबं द्यायची, दुसऱ्याने दोन परत करायची, मगच सेट बंद करायचा. इतक्या वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता.

मग दोन महिने तो गप्प होता. आणि आज त्याचं संकेतनाव आलं ते असं: प्रत्येक टिंब सारखं, प्रत्येक रेघ फुटपट्टीने आखलेली. कंप्युटर. हल्ली लोक नुसतं टाइप करत आणि यंत्र त्याचं मोर्स करून हवेत सोडी. मास्तरांना या जमातीची चीड होती. त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला आणि विचारलं, "कोण तू?"

"मीच," उत्तर आलं. "हाताला..."

मास्तरांनी मधेच तोडलं. "हात दाखव." म्हणजे यंत्र सोड आणि चावीवर ये.

बराच वेळ नुसती खरखर. मग एक हात आला. अडखळत, टिंबाच्या जागी रेघ, अक्षर अर्ध्यावर टाकून पुन्हा पहिल्यापासून. नवशिका, आणि तोही ठोंब्या. स्वतःचं संकेतनावसुद्धा त्याला धड देता येईना. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा मास्तरांनी सेट बंद केला. टिंबं दिली नाहीत. चोराला कसली टिंबं?

"गेला असणार बिचारा," ते बायकोला म्हणाले. "आणि कुणीतरी त्याचं नाव चोरलंय."

"अहो, कुणाला तरी विचारून तर बघा."

"विचारायचं काय त्यात? माझे कान अजून शाबूत आहेत."

दुपारीच त्यांनी हॅम संघटनेला पत्र लिहिलं. मोत्यासारख्या अक्षरात, मुद्देसूद. मित्राच्या दुःखापेक्षा चोर पकडल्याचा आनंदच त्यांना जास्त झाला होता, आणि हे त्यांना स्वतःलाही कळत होतं. पुढचे चार रविवार ते यंत्र सातच्या ठोक्याला हाक मारत राहिलं. पहिली चार अक्षरं आली की मास्तर बटण फिरवत. पाचव्या रविवारी हाक आली नाही.

"बघ, पळाला," मास्तर म्हणाले.

त्यानंतर महिनाभराने दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, हातात पुठ्ठ्याचं खोकं.

"तारमास्तर काका ना तुम्ही? माझे बाबा दीपगृहावर होते. रविवारी तुमच्याशी बोलायचे."

मास्तरांनी तिला खुर्ची दिली. "कधी गेले?"

"महिना झाला."

"महिना?" मास्तर गोंधळले. "अहो, पण त्याच्या आधीपासून कुणीतरी त्यांच्या नावावर..."

"बाबाच होते ते, काका. झटका आला होता. बोलता यायचं, पण उजवा हात गेला. मग मीच त्यांना कंप्युटर लावून दिला, एका बोटाने टाइप करायचे. तुम्ही हात दाखव म्हणालात ना, तेव्हा चावी डावीकडे ठेवायला लावली. घामाघूम झाले होते."

तिने पर्समधून एक कागद काढला. "तुमचा पत्ता यावरून मिळाला. संघटनेने खुलासा मागितला होता, सोबत ही नक्कल होती." मास्तरांचं मोत्यासारखं अक्षर टेबलावर उलगडलं. "मीच वाचून दाखवलं त्यांना."

"मग?"

"हसले. म्हणाले, मास्तर बरोबर आहेत. तो हात माझा नव्हताच."

बायको आतून येऊन दारात थांबली होती. तिने एखादा टोमणा मारला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"एक फोन तरी करायचा," ते म्हणाले.

"मी म्हटलं होतं त्यांना, कुठूनही नंबर मिळवते. नको म्हणाले. मास्तरांना फोन चालत नाही. त्या पहिल्या रविवारी तर त्यांनी दुपारपर्यंत सेट बंद करू दिला नाही. जेवलेसुद्धा तिथेच. मी म्हटलं, बाबा, ते गेले आता. तर म्हणाले, अजून दोन टिंबं यायचीत."

खोकं ठेवून ती गेली. आत त्याची चावी होती. डाव्या हाताखाली घसरू नये म्हणून कुणीतरी ती फळीला चिकटपट्टीने घट्ट बांधली होती. पट्टी अजून नवी दिसत होती.

त्या दिवशी रविवार नव्हता, आणि सात तर केव्हाच वाजून गेले होते. मास्तरांनी आपली चावी काढून सेटला दीपगृहवाल्याची जोडली. दोन टिंबं दिली. पन्नास वर्षांचा कसलेला हात, दोन्ही टिंबं स्वच्छ गेली, मोजून एकसारखी. कुठल्याही यंत्राने दिली असती तशी.

"अहो, बंद करा ते आणि जेवायला चला," बायको म्हणाली. तिचा आवाज मऊ होता.

मास्तर जागचे हलले नाहीत. पलीकडून दोन टिंबं आल्याशिवाय सेट बंद करायचा नाही, असा नेम होता.