नऊ लाखांचा वाकड्या

मी दोन रुपयांचं नाणं बोलतोय. नाण्याला सहसा नाव नसतं, पण मला आहे. वाकड्या. खाडीकाठच्या सखुबाईनं ते ठेवलं आणि तेव्हापासून मी स्वतःला पुरुषच समजतो. सध्या माझा मुक्काम तिच्या जुन्या कापडी चंचीत, सुपारीच्या दोन तुकड्यांशेजारी. मध्यंतरी माझी किंमत नऊ लाख रुपये झाली होती. हसू नका, सगळं सांगतो.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालचा, टांकसाळीतला. अंगाला अकरा कोन, एका बाजूला देशाचा नकाशा, दुसऱ्या बाजूला सिंह, असा मी व्हायचा होतो. पण ठसा पडायच्या क्षणी मी जरासा सरकलो. का सरकलो ते विचारू नका. इतकं धडधडणारं यंत्र डोक्यावर आलं असतं तर तुम्हीही सरकला असता. नकाशा एका कडेला घसरला, त्याचा थोडा भाग बाहेरच राहिला, आणि दुसऱ्या कडेला चंद्रकोरीएवढी कोरी जागा उरली. तपासणाऱ्यांच्या नजरेतून मी सुटलो आणि भावंडांबरोबर पोत्यात जाऊन पडलो.

बाहेरच्या जगात माझं काही चालेना. चहावाल्यानं मला उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं. कंडक्टरनं परत दिलं. देवळाबाहेरच्या फुलवालीनं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच केली होती. माणसांची एक गंमत मात्र मला तेव्हा कळली. खोटं वाटणारं नाणं कोणी फेकून देत नाही, घाईगर्दीत दुसऱ्याच्या हातात सरकवून मोकळं होतं. तसाच मी अलिबागच्या मासळीबाजारात एका गिऱ्हाइकाकडून कोळंबीच्या पैशांत सखुबाईच्या हातावर सरकवला गेलो.

घरी आल्यावर तिच्या नवऱ्यानं, दयारामनं, मला उजेडात धरलं. तो मिठागरात कामाला होता. पायाला कायम भेगा, हाताला कायम मीठ.

“फसवलान तुला,” तो म्हणाला.

सखुबाईनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. “ऱ्हाऊ दे. वाकडा हाय, पन खरा हाय.”

सगळ्यांनी हाकलल्यावर कोणीतरी खरा म्हणालं. मी त्या दिवसापासून तिचा झालो.

आता त्या गावाची एक रीत सांगतो, त्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही. शेतात खाडीचं खारं पाणी शिरू नये म्हणून गावाला लांबलचक बांध आहे आणि बांधाला पाणी सोडायची दारं. त्या दारांना उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीवर जाळं लावलं की बोय, कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या, नशीब जोरावर असेल तर एखादा जिताडा सापडतो. ही मासळी सगळ्या घरांची. तिचे सारखे वाटे जमिनीवर घालतात. मग प्रत्येक घर आपली खूण देतं. कोणाचं बटण, कोणाचा कौलाचा तुकडा, कोणाची सुपारी. कोंडाजी नावाचा गडी त्या खुणा ओंजळीत घेतो आणि वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकजण एका वाट्याला काठी लावून विचारतो, “यो कोनाला?” कोंडाजी मागे न बघता एक खूण पाठीमागे टाकतो. ज्याची खूण, त्याचा वाटा.

सखुबाईची खूण आधी शिंपला होती. एकदा आणखी एकीनंही शिंपलाच दिला आणि नेमका जिताड्याच्या वाट्याला शिंपला पडला. दोघी अशा काही भांडल्या की ओहोटी संपून भरती लागली तरी जिताडा तिथंच पडून. पुढच्या खेपेला सखुबाईनं कोंडाजीच्या ओंजळीत मला टाकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आता भांडा. असा वाकड्या हाय का आनिक कोनाकडं?”

कोणाकडेच नव्हता. जो दोष मला बाजारात नडला, तोच उघाडीवर माझा मान झाला. सखुबाई होती तोवरची बावीस वर्षं मी त्या घराची खूण होतो. कोंडाजीच्या हातून उडून मी चिखलात, कोळंबीवर, कधी जिवंत चिंबोरीच्या पाठीवर पडायचो. “सखूचा वाटा!” असा आवाज उठायचा आणि एक ओला, खरखरीत हात मला उचलायचा. ते दिवस आठवले की अजून माझा जीव हळहळतो.

त्या हातांनीच माझी चकाकी घेतली. आधी मी पिवळट झालो, मग करडा, मग काळपट. कोऱ्या जागेवर तर तिच्या अंगठ्याचा डागच बसला, कारण खूण देण्याआधी ती तिथं अंगठा फिरवायची. मनात काही मागत असेल. काय मागायची ते मला कधी कळलं नाही.

मधल्या काळात मिठागर बंद पडलं. दयारामनं शेवटच्या हंगामातलं एक पोतं खडं मीठ घरी आणून ठेवलं आणि ते कोणाला विकू दिलं नाही. चार वर्षांपूर्वी सखुबाई तापानं गेली. सगळे पाहुणे पांगल्यावर दयारामनं चंची उघडली, मला बाहेर काढलं आणि नाकाशी धरलं. चुना, तंबाखू, मासळी. त्यानं मला परत ठेवलं आणि त्यानंतर रोज एकदा तो तसंच करू लागला. उघाडीवर खूण द्यायलाही तोच जाऊ लागला, गुडघे कुरकुरत असले तरी.

त्यांची मुलगी भाविका आईचा मासळीचा धंदा बघू लागली. पोरगी हुशार, कॉलेज केलेली, बोलायला चुरचुरीत. तिला स्वतःचा छोटा टेम्पो हवा होता. कारण साधं होतं. मासळीच्या पाट्या घेऊन ती रस्त्यावर उभी राहायची आणि मिनिडोरवाले, म्हणजे आमच्याकडचे सहा आसनी रिक्षावाले, तिला बघून गाडी थांबवायचे नाहीत. “वास येतो, बाकीचे पॅसेंजर ओरडतात,” म्हणायचे. तेच पॅसेंजर संध्याकाळी तिच्याकडे पापलेटचा भाव विचारायला यायचे.

एके दिवशी ती मोबाईल नाचवत घरात आली.

“बाबा, आईचा वाकड्या कुठाय? हे बघ. सेम टू सेम! दोन रुपये, ठसा सरकलेला. किंमत वाच.”

दयारामनं चष्मा लावून आकडे बोटानं मोजले. “नऊ लाख?”

“ऑनलाइन लिलाव आहे. हा दुसरा बघ, साडेचार लाख. आपल्याला त्यातले दोन मिळाले तरी टेम्पोचं निम्मं काम होतं.”

मला चंचीतून काढून पडद्याशेजारी ठेवलं गेलं. पडद्यावर माझेच भाऊबंद होते, तसेच घसरलेल्या नकाशाचे. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. जन्मभर दोन रुपयांना मोताद असलेला मी, एकदम लखपतींच्या खानदानातला निघालो! फक्त एक गोष्ट खटकली. किमतीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बोली: शून्य.’ नऊ लाख मागणारे पुष्कळ होते, देणारा एकही नव्हता. पण आनंदात माणसं बारीक अक्षरं वाचत नाहीत, आणि नाणीही.

दयारामनं मला उचलून मूठ मिटली. “ही तुज्या आयची खूण हाय, बाय. ही इकायची न्हाय.”

भाविकानं मोबाईल ठेवून दिला. पुन्हा तिनं विषय काढला नाही. तिनं हट्ट केला असता तर दयाराम कदाचित अडून बसला असता. पण त्या आठवड्यात त्यानं बांधावरून एक गोष्ट पाहिली. भर उन्हात पाच मिनिडोर भाविकासमोरून गेल्या. सहाव्या गाडीवाल्यानं थांबून तिला बसवलं, पण पाट्या मात्र उतरवून रस्त्यावर ठेवल्या. मग तीही उतरली. दोन्ही पाट्या डोक्यावर चढवून ती चालू लागली. दयाराम घरी आला, चंची समोर घेऊन बराच वेळ बसला आणि संध्याकाळी म्हणाला, “घेऊन चल मना. कुठं इकतान ते दाखव.”

अलिबागला एका सभागृहात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मुंबईचे व्यापारी येणार होते. ठरलं, रविवारी जायचं.

रविवारी सकाळी भाविका गाडी बघायला रस्त्यावर गेली आणि घरात दयाराम माझ्या तयारीला लागला. त्या घरात बाहेर न्यायची कुठलीही वस्तू मळकी नेत नाहीत. लग्नाला द्यायचं भांडं असो की शेजारणीची परत करायची कढई, चिंच आणि खडं मीठ लावून लखलखीत करून द्यायची, ही सखुबाईचीच शिस्त. दयारामनं चिंच भिजवली, जपून ठेवलेल्या पोत्यातलं मिठागराचं मूठभर मीठ घेतलं आणि मला घासायला बसला.

मी ओरडत होतो. पण नाण्याचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? मिठाचे खडे माझ्या अंगावरून करकरत होते. करडा रंग गेला. काळा गेला. अंगठ्याचा डाग निघेना म्हणून त्यानं नारळाची शेंडी घेतली आणि जोर लावला. तोही गेला. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहऱ्यावर मुलीसाठी काहीतरी केल्याचं समाधान होतं. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

भाविका परत आली. “बाबा, हे काय?”

“बघ कसा चमकतोय! नवा कोरा जाला.”

नाणं कधी घासू नये, हे तिनं मोबाईलवर वाचलं होतं. बापाला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. मला उचलून घेत ती म्हणाली, “मस्त दिसतोय, बाबा. चल.”

प्रदर्शनात विनेशभाई म्हणून एक व्यापारी होते. माणूस सभ्य होता. त्यांनी भिंगातून मला दोन्ही बाजूंनी पाहिलं, कडा पाहिल्या, आणि भिंग खाली ठेवलं.

“काका, चूक अस्सल आहे. पण तुम्ही हे घासलंत ना?”

“व्हय. चिंचमीठ लावून.” दयारामच्या आवाजात अजून अभिमान होता.

“तिथंच गेलं ना काका सगळं. अंगभर ओरखडे पडलेत. आता हे दोन रुपयांचं.”

“आनि घासला नसता तं?”

“हजार, फार तर दीड हजार. ते लाखबिख नुसतं लिहिलेलं असतं. लिहायला काय पैसे पडतात?”

इतकं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. माझी नऊ लाखांची श्रीमंती एका चहाच्या वेळात संपली. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

परतीच्या गाडीत बापलेक शेजारी बसले होते. दयाराम खिडकीबाहेर बघत होता. थळचा फाटा मागे पडला.

“बाबा, जाऊ दे,” भाविका म्हणाली. “दीड हजारात टेम्पोचं चाकपण येत नाही. काय नुकसान झालं?”

दयारामनं मला खिशातून काढलं आणि नाकाशी धरलं. आंबट चिंचेशिवाय कसलाच वास नव्हता.

“तिच्या हाताचा काला रंग व्हता त्याच्यावर,” तो म्हणाला. “बावीस वर्सांचा. मी माज्या हातानी घासून टाकला, बाय.”

आणि तो रडला. भरल्या गाडीत, लोकांसमोर, लहान मुलासारखा. भाविकानं त्याच्या हातातून मला घेतलं आणि गाव येईपर्यंत घट्ट धरून ठेवलं. तिचा तळवा ओला झाला होता.

या गोष्टीला आता वर्ष होईल. टेम्पो आलेला नाही. भाविका बँकेत फेऱ्या मारते आहे. पण त्या रविवारनंतर लगेच दयारामचे गुडघे पार गेले आणि उघाडीवर खूण द्यायला तीच जाऊ लागली. पहिल्या दिवशी कोंडाजीनं मला बोटांत फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि विचारलं, “ही कोनाची रं नवी खूण?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाविका चिखलातून मोठ्यानं म्हणाली, “आमचीच हाय. टाक तू.”

तेव्हापासून मी पुन्हा मासळीवर पडतो आणि एक ओला हात मला उचलतो. तुमच्या घरात कुठल्या डब्यात एखादं वेडंवाकडं नाणं सापडलं तर मोबाईलवर त्याची किंमत खुशाल बघा. हवं तर विकाही, माझी तक्रार नाही. फक्त घासायला बसण्याआधी एवढं विचारा, की ते कोणाच्या हातात होतं. आमच्या अंगावरचा मळ आम्ही एकट्यानं जमवलेला नसतो.

परवा भाविका उघाडीवरून आली आणि हात न धुताच मला बापाच्या तळहातावर ठेवलं. मी कडेनं किंचित पिवळा पडलोय. दयारामनं सवयीनं मला नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं.

“आईचा आला का रे वास?” तिनं हळूच विचारलं.

“न्हाय, बाय. तो गेला,” दयाराम म्हणाला. “यो तुजा हाय.”

मग त्यानं मला चंचीत टाकलं आणि चंची स्वतःच्या उशाशी न ठेवता तिच्या हातात दिली.