अमावस्येची उघाडी

"ड्रायव्हर बसला म्हणून लगेच उठायचं नाही, सूनबाई. मशीन एकदा पूर्ण बंद करायचं, पुन्हा उठवायचं, आणि मग सगळे सेन्सर एकेक करून स्वतःच्या हातानं बादलीत बुडवून बघायचे. चालू असलेलं यंत्र गोड बोलतं. झोपेतून उठलं की खरं बोलतं."

बापू हे इतक्या वेळा सांगत, की ते गेल्यानंतरही अनुयाच्या कानात त्यांचा आवाज तसाच राहिला होता, सावकाश, प्रत्येक शब्दानंतर चष्मा वर सरकवणारा. बापू म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म कारखान्यातली मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला. सून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन घरात आली, तेव्हा सासूबाईंनी तिला देवघर दाखवलं आणि बापूंनी सोल्डरिंग आयर्न हातात दिलं. दोन्ही तिनं सारख्याच भक्तीनं सांभाळलं. सकाळी पंचांग उघडून तिथी वाचल्याशिवाय ती चहा घेत नसे, आणि चातुर्मासात तुळशीपुढचा दिवा सूर्य मावळायच्या आत तिच्याच हातानं लागला पाहिजे, असा तिचा नेम होता. थळच्या त्यांच्या वाडीत तो दिवा एकदाही चुकला नव्हता.

त्या श्रावण वद्य षष्ठीला मात्र बापूंचं सांगणं पाळायचं राहिलं, आणि राहिलं ते या दिव्यापायीच.

काम खारदेवळीचं होतं. धरमतरच्या खाडीच्या काठाला पोयनाडच्या पलीकडे हे गाव. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधात एका जागी पाण्याला जायला वाट, तिला उघाडी म्हणतात. पूर्वी तिथे लाकडी झडप होती. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिला लोटून बाहेर जाई, भरतीला खाडीचाच दाब तिला मिटवून टाकी. गेल्या साली एका कंपनीनं ती झडप काढून मोटरचा लोखंडी दरवाजा बसवला, शेजारी एक केबिन बांधली आणि केबिनीत लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारं मशीन ठेवलं. एक सेन्सर खाडीच्या बाजूला, एक शेताच्या. शेतात पाणी जास्त असेल तर दरवाजा उघडायचा, खाडीत जास्त असेल तर मिटायचा, एवढंच त्या मशीनला ठाऊक. देखभालीचं काम कंपनीनं अनुयाला दिलं होतं.

खाऱ्या हवेनं सेन्सर मशीनला जोडणारे दोन्ही कन्व्हर्टर गंजले होते. तिनं जोडी नवीन आणली, एकाच कंपनीची, एकासारखा एक. ड्रायव्हर, म्हणजे मशीनला त्यांची ओळख पटवणारा प्रोग्राम, मात्र बसेना. मशीनच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, नवीन, ड्रायव्हरचं सामान जुनं. त्याला लागणाऱ्या हेडरच्या फायली आणून, दोन ओळी बदलून तो एकदाचा बसवला, तर कन्व्हर्टर दिसायचा आणि लगेच नाहीसा व्हायचा. शेवटी मशीनच्या नोंदींचा लॉग वाचता वाचता उलगडा झाला. अंधांच्या ब्रेल पडद्यासाठीची एक सेवा आत गुपचूप चालू होती. कन्व्हर्टरमधल्या चिपला ती ब्रेल पडदा समजून दर वेळी ताब्यात घेत होती. तिनं ती सेवा काढून टाकली आणि दोन्ही आकडे पडद्यावर उमटले. शून्य नंबरवर खाडी, एक नंबरवर शेत. तिनं बादलीत बुडवून पाहिलं, बरोबर होतं.

मशीन बंद करून पुन्हा उठवायचं तेवढं राहिलं होतं. पण ऊन कलंडलं होतं, पोयनाडहून शेवटची जोडून मिळणारी एसटी निघायच्या बेतात होती, आणि घरी तुळस वाट पाहत होती. तिनं केबिनला कुलूप लावलं. दिवा वेळेवर लागला.

एकादशीला दुपारी ठमीमावशीचा फोन आला. ठमी आणि तिचा नवरा दयाराम यांचं शेत उघाडीला लागूनच. अनुया कामाला गेली की चहा त्यांच्याच ओटीवर होई. ठमी खुशीत होती. भाताच्या शेतात बोयी सापडल्या म्हणाली. पोरांनी टोपलीभर धरल्या, घरोघर कालवण झालं.

"तुझी एकादशी नसती तर डबा पाठवला असता, बाय."

अनुया हसली, दयारामकाकांची चौकशी केली, आणि फोन ठेवला. मग हातातलं शेंगदाण्याचं कूट तसंच राहिलं. बोय खाडीचा मासा. तो भातात कसा येईल?

लॅपटॉप उघडून ती केबिनीतल्या मशीनमध्ये शिरली. दुपारचे दोन वाजून गेले होते. पडद्यावर खाडीचं पाणी शेताच्या वर होतं आणि दरवाजा मिटलेला. वरून पाहता सगळं ठीक. पण सकाळी पंचांग वाचलेल्या बाईला ते ठीक वाटेना. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे तिला माहेरच्या अंगणातच शिकवलं होतं. एकादशीची पूर्ण भरती सकाळी आठनंतर. म्हणजे या घटकेला पुरी ओहोटी. खाडीत आता चिखल उघडा पडला असणार, खेकडे चालत असणार. मग हे वर दिसतंय ते पाणी कुठलं?

ते शेतातलं होतं.

तिनं लॉग मागे नेला. षष्ठीच्या रात्री वीज गेली होती, मशीन आपोआप पुन्हा उठलं होतं. लिनक्सची रीत अशी, की जो कन्व्हर्टर आधी जागा होईल त्याला शून्य नंबर, मागून येईल त्याला एक. जुने दोघे वेगवेगळ्या जातीचे होते, म्हणून मशीन त्यांना ओळखी. नवे दोघे जुळे. त्या रात्री शेताकडचा आधी जागा झाला. तेव्हापासून ते मशीन शेताला खाडी आणि खाडीला शेत समजत होतं. भरती आली की दरवाजा उघडत होतं. ओहोटी लागली की मिटून आत आलेलं खारं पाणी कोंडून ठेवत होतं. आणि हे सगळं अगदी नियमानं, एकही चूक न दाखवता.

मधल्या दिवसांत भांगाची भरती होती, पाणी फार चढत नव्हतं, म्हणून नुसत्या बोयी आल्या. आता चंद्र रोज बारीक होत होता आणि भरती रोज चढत होती. अमावस्येचं उधाण चार दिवसांवर आलं होतं.

तिनं आधी घरूनच मोटर थांबवली. मग पिशवी भरली. गोदावरीबाई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या की दिवा मी लावते हो. पण नेम स्वतःच्या हाताचा होता, हे दोघींनाही माहीत होतं. अनुया तुळशीला हात जोडून निघाली. चातुर्मासातला तिचा पहिला दिवा त्या संध्याकाळी चुकला.

बांधावर पोचली तेव्हा वारा पडला होता. शेतात पाणी हललं नव्हतं, पण त्यावर पांढरट फेसाची कड धरली होती आणि बांधाकाठच्या भाताची टोकं भाजल्यासारखी तांबूस झाली होती. ठमी गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं ओंजळभर पाणी चाखून थुंकलं आणि अनुयाकडे नुसतं पाहिलं. फोनवरची खुशी कुठेच नव्हती.

अनुयानं केबिन उघडली. नंबरावरून ओळखण्याचा नाद सोडून तिनं नवा नियम लिहिला. कन्व्हर्टर कोणता आधी जागा होतो ते बघायचं नाही, तो कुठल्या सॉकेटात खोचलाय ते बघायचं. वरच्या सॉकेटात ती खाडी, खालच्या सॉकेटात ते शेत. मग मशीन बंद केलं, उठवलं, सेन्सर बुडवले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. वायर उपटून पाहिली, वीज घालवून पाहिली. दर वेळी खाडी ती खाडी आणि शेत ते शेत. मोटर सुरू केली तसा दरवाजा कुरकुरत वर गेला आणि कोंडलेलं पाणी खाडीकडे धावलं. त्याचा आवाज ऐकून दयाराम बांधावर आला. बुटका, पिकल्या मिशांचा माणूस.

अनुयानं दोघांसमोर काही लपवलं नाही. चूक यंत्राची नाही, माझ्या हातची आहे, मी त्या दिवशी घाई केली, असं सांगितलं. ठमीनं पदरानं तोंड पुसलं.

"कडेचा भात गेला तो गेला," दयाराम म्हणाला. "आतला हाय अजून. जुनी झडप अडाणी होती गो, पण पाण्याचा धक्का तिला कळायचा. ह्या तुझ्या पेटीला कोन सांगतंय, पानी कुठलं ते?"

त्याच बांधावर उभं राहून अनुयानं कंपनीच्या नवी मुंबईच्या कार्यालयातल्या यशोधनला फोन लावला. सगळ्या उघाड्यांची मशीनं तोच दुरून सांभाळी. यशोधननं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की बरं झालं कळवलंत, पण मॅडम, अमावस्येला पहाटे सगळ्या उघाड्यांवर आम्ही नवीन सिस्टिम चढवतोय, आधीचं सगळं पुसून. त्यात तुमचा ड्रायव्हर येईल, आम्ही घातलाय.

आणि माझा नियम, तिनं विचारलं.

तो येणार नव्हता. एका उघाडीपुरता वेगळा नियम ठेवायची सोय नव्हती, मंजुरी वरून लागते, आणि वरचे सोमवारनंतर भेटतील. नवी सिस्टिम उठेल तेव्हा नंबर कदाचित बरोबर पडतील, कदाचित उलटे. तिनं निदान ती एक उघाडी वगळा म्हणून विनवलं.

"मॅडम, आमच्या डॅशबोर्डवर तुमची उघाडी पूर्ण हिरवी आहे. हिरवी साइट मी कुठल्या कारणानं वगळू?"

"गेले पाच दिवस समुद्र आत येत होता, यशोधन. तेव्हाही हिरवीच होती ना?"

मग तो म्हणाला, मेल टाकून ठेवा.

अंधारून यायला लागलं होतं. मोटर कायमची बंद करावी तर रोजच्या पावसाचं पाणी शेतात तुंबणार. चालू ठेवावी तर अमावस्येला काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही. केबिनीत एक हातानं फिरवायचं चाक होतं. मुख्य बटण पाडून ते फिरवलं की दरवाजा मिटतो. अनुयानं केबिनची चावी दयारामपुढे धरली. त्यानं हात मागे घेतला. गेल्या दिवाळीला कुणीतरी मासळीसाठी उघाडी रात्रीची उघडली होती आणि आळ त्याच्यावर आला होता. पोलीस घरापर्यंत आले. उघाडीला पुन्हा हात लावणार नाही, असं त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं होतं.

"चावी माझ्याकडं नको," तो म्हणाला. "पानी शिरलं तरी माझंच नाव, न्हाय शिरलं तरी माझंच."

ठमीनं जवळ येऊन अनुयाचं मनगट धरलं. तिचा हात गार आणि चिकट होता, खाऱ्या पाण्यानं होतो तसा.

"बाय, खारं पानी एकदा भरलं, की तीन पावसाले जमीन काय देत न्हाय. आमची पोरं गाव सोडून जातील. अमावशेला तू ये. दुसऱ्या कुनाला नको पाठवू."

"येईन, मावशी. पाणी चढायच्या आधी येईन, आणि उतरेस्तोवर चाकापाशी बसेन."

मधले दिवस तिनं मेल टाकले, फोन केले. उत्तर आलं ते एवढंच, की आपली सूचना पोचली. रात्री झोपायच्या आधी ती मशीनमध्ये शिरून आकडे बघे. ते बरोबर असत. बरोबर आकडे बघूनही तिला झोप येत नसे. डोळा लागला की तांबूस टोकांचं शेत दिसे, आणि त्यात काहीतरी चंदेरी उसळून पुन्हा बुडे.

अमावस्येला ती नेहमीपेक्षा लवकर उठली. नाहून पूजा उरकली. पिठोरीचा दिवस, आकाशात ढगांची एकच जाड चादर, नारळाची एक झावळी हलत नव्हती. लॅपटॉप उघडला. खारदेवळीचं मशीन उत्तर देईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला, मग दुसऱ्या वाटेनं. काही नाही. डॅशबोर्डवर मात्र उघाडीचा ठिपका हिरवा होता आणि त्यापुढे खाडी आणि शेताचे दोन आकडे ठामपणे उभे होते. वेळ पाहिली तर ते पहाटेपूर्वीचे होते, सिस्टिम पुसली जायच्या आधीचे. त्यानंतर तिथे काय उठलं, कोण आधी जागं झालं, हे सांगणारं काहीच नव्हतं. यशोधनचा फोन बंद होता. दयारामचा फोन आवाक्याबाहेर.

अमावस्येचं पूर्ण पाणी सव्वाअकराला. शेताच्या पातळीला ते त्याच्या बरंच आधी पोचणार. बांधामागे ते आता कुठवर आलं असेल याचा अंदाज ती मनात करू लागली आणि मधेच थांबली. अंदाजावर बसून राहण्यात अर्थ नव्हता.

तिनं लॅपटॉप मिटला, चावी कमरेला खोचली. गोदावरीबाई देवघरात जप करत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं, ओठ हलत राहिले, बोट मण्यावर थांबलं. अनुयानं वाकून नमस्कार केला.

रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. समुद्राचा आवाज वाडीच्या पलीकडून येत होता, ओहोटी संपवून परत फिरलेल्या पाण्याचा. अनुयानं फाटकाची कडी आवाज न करता लावली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि पहिल्या एसटीसाठी थांब्याच्या दिशेनं चालू लागली.