घ्यायचं तर पूर्ण नाव घ्या

माझ्या मुलाचं नाव मी इथं सांगणार नाही. आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी भुवया वर केल्या, मग "काय?" म्हणून विचारलं, मग मी पुन्हा सांगितल्यावर "अच्छा, वेगळं आहे" म्हटलं. या 'वेगळं आहे'चा अर्थ मला आता चांगला कळतो. शेजाऱ्यांच्या नव्या सोफ्याचा रंग बघवत नसला की आपण हेच म्हणतो. तुम्हीही तेच म्हणाल, आणि तुमच्याशी भांडायला आता माझ्यात त्राण उरलेलं नाही. तीन अक्षरी आहे, जुनं आहे, सूर्य गेल्यावर डोंगराच्या टोकावर थोडा वेळ जो उजेड रेंगाळतो त्याचं ते नाव आहे, एवढं पुरे.

अर्थ सांगितला म्हणून सुटका होते असंही नाही. सासरे म्हणाले, म्हणजे मावळतीचंच ना शेवटी. लस टोचायच्या रांगेतली बाई म्हणाली, मुलीचं वाटतं. नवऱ्याच्या साहेबाला ते खोकल्याच्या औषधाचं वाटलं. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं फोनवर हसू दाबत विचारलं, की पंख्याच्या कंपनीनं काही फुकट दिलंय का. मी नाव ठेवलं एकदा आणि लोक नावं ठेवतायत रोज.

मी रंगाच्या दुकानात काम करते. मशीनवर रंग कालवून देणं हे माझं काम. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, काहीतरी वेगळं दाखवा. मी कार्डं पसरते, डब्याच्या झाकणावर ठिपका लावून तो ड्रायरनं वाळवून दाखवते, कारण ओला रंग एक दिसतो आणि वाळला की दुसराच निघतो. तासभर माझं डोकं खाल्ल्यावर गिऱ्हाईक क्रीम घेऊन जातं. नावाचंही तेच झालं. बाळ पोटात होतं तेव्हा सगळे सांगत होते, काहीतरी वेगळं ठेवा हं, हल्ली एका वर्गात एकाच नावाची चार-चार पोरं असतात. वेगळं ठेवल्यावर म्हणाले, इतकं कशाला वेगळं? म्हणजे यांनाही क्रीमच हवं होतं, फक्त ते आधी सांगायची लाज वाटत होती.

मला मात्र खरंच वेगळं हवं होतं, आणि ते काही मिरवायला नाही. माझं स्वतःचं नाव इतकं सरसकट आहे, की शाळेत मी 'लांब वेणीवाली' होते आणि दुकानात 'मशीनवाली' आहे, कारण बिलं करणारीचंही नाव तेच. रस्त्यात कुणी माझ्या नावानं हाक मारली आणि मी वळले, की ती निम्म्या वेळा दुसरीलाच असते. वळून हसलेलं तोंड परत सरळ करायचं आणि चालू लागायचं, याची सवय होते, पण आवड काही लागत नाही. माझ्या मुलाचं असं होऊ नये एवढीच माझी इच्छा होती. हाक मारली की वळणारा तो एकटाच असावा.

घरात आम्ही पाच जण. सासूबाई शिवणकाम करतात, बहुतेक करून लोकांच्या पँटी आखूड करणं आणि कमरा सैल करणं. त्यांचं म्हणणं, नाव अंगाला बसलं पाहिजे, हे बाळाला फार घोळदार होतंय. सासरे बरीच वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर होते. त्यांचं म्हणणं, नावाला वजन नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि भांडण सुरू झालं की दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखा थांबून राहतो, ना वर ना खाली. जन्माची नोंद करायला गेलो तेव्हा यानंच स्वतःच्या हातानं नाव लिहिलं होतं. घरी आल्यावर मात्र मूग गिळून बसला.

सुरुवातीला सासूबाईंनी ते वापरायचा प्रयत्न केला, हे मी मान्य केलं पाहिजे. पण त्यांच्या तोंडात त्याचं पार कडबोळं व्हायचं. मधलं अक्षर गायब, शेवटचं भलतंच. मी दुरुस्त करायची. त्या पुन्हा चुकायच्या. मग त्यांनी पहिलं अक्षर दोनदा म्हणून काहीतरी गोंडस तयार केलं आणि तीन दिवसांत सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. माझं डोकंच फिरलं. ज्या नावासाठी मी इतक्यांशी वाकडं घेतलं त्याचा असा भुगा होऊ द्यायचा? त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आई, घ्यायचं तर पूर्ण नाव घ्या आणि नीट घ्या. नाहीतर घेऊच नका."

एक घाव दोन तुकडे केल्याचं मला समाधान वाटलं. गोंडस नाव त्याच रात्री बंद झालं.

त्यानंतरही विषय काही संपला नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तरी ठिणगी पडायचीच. सासरे फोनवर कुणाला तरी सांगत असायचे, "हो, नातूच, नाव ना, ते जरा अवघड आहे." मी स्वयंपाकघरातून ते नाव मोठ्यानं, एकेक अक्षर तोडून ऐकवायची. अवघड काय आहे त्यात? सासूबाई मशीन थांबवून म्हणायच्या, अगं पण ओरडतेस कशाला. मी म्हणायची, ओरडत नाहीये, सांगतेय. मग आवाज चढायचे, सासरे उठून गॅलरीत जाऊन बसायचे आणि नवरा गळत नसलेल्या नळाचा वॉशर बदलायला घ्यायचा. बाळ तिथंच जमिनीवर रिकाम्या रिळांशी खेळत असायचं. त्याला काय कळतंय, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

वर्षाचा होऊन गेल्यावर मी त्याला पाळणाघरात ठेवायला लागले. पाळणाघर चालवणारी बाई तशी समजूतदार. एका संध्याकाळी मी न्यायला गेले तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं आणि अगदी जपून म्हणाली, की बाकीची मुलं नाव घेतलं की बघतात. तुमचा बघत नाही. मी चार-पाच दिवस नीट लक्ष ठेवलंय. कधी ऐकू न आल्यासारखा बसून राहतो, कधी उलट्या दिशेनं रांगत जातो. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

मुलांच्या डॉक्टरांनी त्याच्या मागं उभं राहून दोनदा, तीनदा नाव घेतलं. त्यानं मान वळवली नाही. माझ्या ब्लाउजमध्ये तोंड खुपसून बसला. डॉक्टर काहीतरी लिहीत म्हणाले, घाबरू नका, पण कानांची तपासणी करून घेऊ.

घाबरू नका म्हटल्यावर माणूस आणखी काय करणार? मी घरी येऊन त्याच्या पाठीमागं ताटली आपटली. तो दचकला. मला रडू आलं, आधी सुटल्यासारखं आणि मग पुन्हा भीतीनं, कारण डॉक्टर म्हणाले होते, की मोठे आवाज ऐकू येतात आणि बोलणं ऐकू येत नाही असंही असू शकतं. तपासणीची तारीख येईपर्यंत मी दुकानात दोन डबे चुकीचे कालवले. एका माणसाला फिकट निळा हवा होता, त्याला मी चक्क हिरवा दिला आणि वर त्याच्याशीच हुज्जत घातली. रात्री बाळ झोपलं की मी त्याच्या कानांकडं बघत बसायची. इतके नीटस, इतके सुबक कान, आणि त्यांच्या आत काय चाललंय हे मला कळायला मार्ग नव्हता.

घरात तर सगळ्यांची तोंडं उतरली होती. पण जिभेला हाड नसतं. सासूबाई सुईत दोरा ओवता ओवता बोलून गेल्या, की सोपं नाव असतं तर वळला असता बिचारा.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. कानाचा आणि नावाचा काय संबंध, एवढं त्यातलं लिहिण्यासारखं होतं. बाकीच्या बोलण्यात त्याचं नाव पाच-सहा वेळा तरी आलं असेल, प्रत्येक वेळी आधीपेक्षा चढ्या आवाजात. सासूबाई पदरानं डोळे पुसत आत गेल्या. तरीही तपासणीच्या दिवशी सगळ्यात आधी तयार होऊन दारात उभ्या होत्या त्याच.

तिथं आम्हाला एका जाड दाराच्या खोलीत नेलं. भिंतींना स्पंज लावलेला, दोन कोपऱ्यांत काळ्या काचेचे डबे. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले, बाकीचे तिघे खिडकीच्या काचेपलीकडं. तपासणीच्या बाईनं मला हलायचं नाही, बोलायचं नाही असं बजावलं. इतका वेळ मी न बोलता कधी बसल्याचं मला आठवत नाही. मग एका बाजूनं बारीक शिट्टी आली. बाळ वळलं. काळ्या डब्यात दिवा लागला आणि आतलं माकड झांजा वाजवायला लागलं. बाळ खुदखुदलं. दुसऱ्या बाजूनं त्याहून बारीक आवाज आला, तो तर मला जेमतेम ऐकू आला. बाळ पुन्हा वळलं. मग आवाज आणखी हळू होत गेले, कुजबुजल्यासारखे झाले, आणि तो पठ्ठ्या दर वेळी बरोबर वळत होता. काचेपलीकडं सासऱ्यांनी नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातलेला मला दिसला.

नंतर तपासणीच्या बाईनं आम्हाला सगळ्यांना तिच्या खोलीत बोलावलं. बाळाला खाली सतरंजीवर ठोकळे दिले. कान उत्तम आहेत, ती म्हणाली. मी इतका मोठा श्वास सोडला, की तिच्या टेबलावरचा कागद उडाला. मग तिनं सहज विचारलं, घरी याला काय म्हणून हाक मारता?

सासरे खुशीत होते, लगेच म्हणाले, पैलवान. सासूबाई म्हणाल्या, मी आपली सोनू म्हणते. नवरा जरा ओशाळून म्हणाला, बॉस. बाईनं माझ्याकडं बघितलं.

"पिल्लू," माझ्या तोंडून निघालं. मी त्याला उठवताना पिल्लू म्हणते. आंघोळीला माकडा म्हणते. चिडले की ए शहाण्या म्हणते. त्याचं नाव मी शेजाऱ्यांना सांगितलंय, बहिणीला, रांगेतल्या बायांना, साहेबांना, डॉक्टरांना, सासूबाईंना तर शंभरदा. त्याच्याकडं बघून त्याला हाक म्हणून ते कधी घेतलं, हे मला आठवेना. पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसले होते आणि ज्याला तहान होती तो खाली सतरंजीवर.

"म्हणजे ते आपलं नाव आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही," बाई हसून म्हणाली. "आता तुम्ही घ्या बघू. साधी हाक मारा."

मी नाव घेतलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा आला, आणि मला सवय होती तसंच, एकेक अक्षर तोडून.

नवरा खुर्चीत ताठ झाला आणि खिशात काहीतरी चाचपायला लागला. सासूबाईंनी ओठ आवळले, पर्स छातीशी धरली. सासरे चक्क उठून उभे राहिले आणि "मी बाहेर बसतो" म्हणत दाराकडं निघाले. आणि माझ्या मुलानं हातातला ठोकळा टाकला, भरभर रांगत टेबलाखाली गेला आणि तिथं भिंतीकडं तोंड करून बसला.

तपासणीच्या बाईचं हसू गेलं होतं. तिनं कुणाकडंही न बघता पेनाचं टोपण लावलं. सासरे दाराच्या मुठीवर हात ठेवून तसेच उभे होते. आपण का उठलो हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

मी खाली जमिनीवर बसले, टेबलाखाली वाकले. त्याची पाठ दिसत होती आणि तेवढेच ते सुबक कान. मी पुन्हा नाव घेतलं, या वेळी जितकं हळू घेता येईल तितकं हळू. त्यानं मान आणखी खाली घातली. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. राग यायलाही कुणी उरलं नव्हतं.

मी वर बघितलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आई, तुम्ही मारा ना हाक," मी म्हटलं.

"मी?" त्या म्हणाल्या. "अगं, माझ्याकडून चुकेल."

"चुकू दे."

त्या गुडघे धरत माझ्या शेजारी बसल्या, पदर सावरला, घसा साफ केला आणि ज्या आवाजात त्या त्याला रोज भरवायला बसवतात त्याच आवाजात त्यांनी माझ्या मुलाचं नाव घेतलं. मधलं अक्षर गायब होतं, शेवटचं भलतंच होतं. टेबलाखालून तो हळूच वळून बघायला लागला.